चालानाची कुळकथा

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर वर्षानुवर्षे काढलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात काही परप्रांतीय शब्द पाहुणे म्हणून येतात आणि मग घरचेच होऊन बसतात. 'चालान' हा त्यांपैकी एक. पुण्यामुंबईकडे रस्त्यावरचा नियम मोडणाऱ्याची 'पावती फाडतात'. दिल्ली, लखनौ, चंडीगड येथे त्याचे 'चालान कापतात'. फाडणे काय आणि कापणे काय, खिशाला भोक पडायचे ते पडतेच, असे कोणी म्हणेल. परंतु ह्या दोन वाक्प्रचारांत नुसता बोलीचा भेद नाही. दंडाविषयीच्या दोन निराळ्या कल्पना त्यांत दडलेल्या आहेत, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत त्यांतली एक हळूहळू दुसरीत विरून गेली, असा ह्या विषयाचा एकंदर इतिहास आम्हांला दिसतो.

शब्दापासूनच आरंभ करू. चालान म्हणजे चालविणे, पुढे धाडणे. माल धाडला की त्याच्याबरोबर जाणारी यादी हे चालान. सरकारी खजिन्यात रक्कम धाडली की तिच्याबरोबर जाणारा कागद हेही चालान. आणि ठाण्यातून आरोपीला न्यायाधीशापुढे धाडले की तेही चालानच. खजिन्याच्या अर्थाने हा शब्द आपल्याकडे 'चलन' होऊन बसला. ते तीन-तीन प्रतींत भरण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा सरकारी नोकर विरळा. तिसरा अर्थ मात्र उत्तरेत राहिला. दिल्ली-पंजाबच्या फौजदारी न्यायालयांत पोलिसांचे आरोपपत्र दाखल झाले म्हणजे 'चालान पेश झाले' असे आजही म्हणतात.

रस्त्यावरचे चालान मुळात ह्या तिसऱ्या जातीचे. शिपायाने गाडी थांबविली, चालकाचे नाव लिहून घेतले आणि त्याला मॅजिस्ट्रेटकडे धाडले. दंड करणे हे शिपायाचे काम नव्हे. त्याने फक्त माणूस पुढे चालवायचा. माणसाला उभे करून, त्याचे म्हणणे ऐकून शिक्षा सांगायची ती न्यायाधीशाने. आज जे चालान आपल्या हाती किंवा आपल्या दूरध्वनीवर येते ते मात्र पुष्कळसे दुसऱ्या जातीचे आहे. त्यात माणूस कोठेही जात नाही, पैसे तेवढे खजिन्यात जातात. हे स्थित्यंतर कसे झाले आणि त्यात कोणाचा लाभ, कोणाची हानी झाली, हे पाहण्याजोगे आहे.

मोटारीबरोबर मोटारीचा कायदाही आपल्याकडे इंग्लंडातून आला, म्हणून तिकडची हकीकत आधी सांगितली पाहिजे. तेथील १८६५ च्या कायद्याने यंत्राच्या गाडीला उघड्या मुलखात ताशी चार मैल आणि गावात दोन मैल एवढीच मुभा दिली होती, आणि गाडीच्या पुढे तांबडे निशाण घेतलेला एक माणूस चालला पाहिजे अशी अट घातली होती. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होती ती वाफेवरची अवजड धुडे. पेट्रोलची हलकी गाडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. निशाणाची सक्ती पुढे सुटली, पण पायी चालणारा माणूस आणि ती वेगमर्यादा १८९६ पर्यंत टिकून राहिली. त्या वर्षीच्या २८ जानेवारीस केंट परगण्यातील पॅडॉक वुड ह्या गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी आठ मैलांच्या वेगाने गेले. शिपायाने सायकलीवरून पाठलाग करून त्यांना गाठले आणि न्यायालयात उभे केले. वेगाबद्दल त्यांना दंड झाला एक शिलिंग, वर खटल्याचा खर्च. अतिवेगासाठी मोटारवाल्याला झालेला हा इंग्लंडातला पहिला दंड समजतात. अर्नोल्ड हे स्वतः मोटारी विकण्याच्या धंद्यात होते. एक शिलिंगात त्यांच्या मालाची एवढी जाहिरात दुसऱ्या कोणी करून दिली नसती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवा कायदा आला आणि गाडीपुढचा माणूस रस्त्यावरून कायमचा गेला.

पुढे १९०३ च्या कायद्याने गाडीला क्रमांक, चालकाला परवाना आणि रस्त्याला ताशी वीस मैलांची मर्यादा दिली. त्याच कायद्यात एक लहानसे कलम होते, की केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणालाही ह्या मर्यादेच्या भंगाबद्दल दोषी ठरवू नये. 'मला वाटले गाडी वेगात होती' एवढे शिपायाचे म्हणणे पुरेसे नाही. हे कलम आम्हांला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढे ते समुद्र ओलांडून आपल्याकडे आले. पण तिकडे त्याचा पहिला परिणाम भलताच झाला. मत चालत नाही तर मोजमाप आणा, असे म्हणून पोलिसांनी रस्त्याचे अंतर मोजले, दोन्ही टोकांना झुडपांआड शिपाई बसविले आणि त्यांच्या हाती घड्याळे दिली. लंडनहून ब्रायटनकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे सापळे विशेष प्रसिद्ध होते. त्यांना उत्तर म्हणून १९०५ साली मोटारवाल्यांनी आपला एक संघ काढला, ऑटोमोबाईल असोसिएशन. संघाचे पगारी स्वार सायकलींवरून रस्त्याने फिरत आणि पुढे सापळा असला की सभासदांना इशारा देत.

प्रकरण न्यायालयात गेले. बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स ह्या १९१० च्या निवाडासंग्रहात छापलेल्या खटल्यात न्यायाधीशांनी ठरविले, की मर्यादा ओलांडून येणाऱ्या गाडीला असा इशारा देणे म्हणजे शिपायाच्या कर्तव्यात अडथळा आणणे होय. आता काय करावे? संघाने काढलेली तोड मोठी मासलेवाईक होती. संघाचा स्वार सभासदाच्या गाडीवरील बिल्ला पाहून एरवी सलाम करी. पुढे सापळा असला की तो सलाम करीत नसे. सलाम मिळाला नाही तर सभासदाने थांबून कारण विचारावे, अशी सूचना संघाच्या पुस्तिकेत होती. सलाम न करणे हा काही गुन्हा नव्हे, आणि न केलेल्या सलामाबद्दल कोणाला शिक्षा देता येत नाही. सलामाचे मोल जाणणाऱ्या आमच्या वाचकवर्गाला ह्या युक्तीची गोडी अधिक कळेल.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितली. त्या काळी मोटार असणारे सारे श्रीमंत; संघ काढणे, वकील देणे, वरच्या न्यायालयात जाणे त्यांना परवडे. त्यामुळे मोटारीच्या दंडाविषयीचे जे कायदे घडले त्यांत आरोपीच्या हक्कांची काळजी बऱ्यापैकी घेतलेली दिसते. ते कायदे हिंदुस्थानात आले तेव्हा येथे स्टिअरिंगमागे बसलेला माणूस श्रीमंत नव्हता. मालक मागे बसे आणि गाडी हाकी तो पगारी शोफर. इंग्लंडातले कलम मालकाकडे पाहून लिहिलेले, येथे ते लागू झाले नोकराला. ह्या विसंगतीचा धागा पुढे सतत दिसतो.

निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे नियम एकत्र करून १९१४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला मोटार-कायदा झाला. त्याच्याविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. खरा पाया घातला तो १९३९ च्या कायद्याने. तो त्या वर्षीच्या १ जुलैपासून अमलात आला आणि पुरी पन्नास वर्षे चालला. आपल्या अनेक वाचकांच्या वडिलांनी पहिली गाडी चालविली ती ह्याच कायद्याखाली. ज्या नियमभंगाला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्याला वीस रुपयांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास शंभरापर्यंत, असे त्याचे मूळचे माप होते.

ह्या कायद्याचे १३० वे कलम वाचताना मसुदा लिहिणाऱ्या अज्ञात अधिकाऱ्याविषयी आम्हांला आदर वाटतो. अगदी गंभीर गुन्हे वगळून बाकीच्यांत न्यायालयाने समन्सावरच लिहावे, की आरोपीने स्वतः न येता वकील पाठविला तरी चालेल. किंवा त्याने ठराविक तारखेच्या आत पोचपावतीच्या रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करून न्यायालय सांगेल ती रक्कम, पंचवीस रुपयांहून अधिक नाही, पाठवून द्यावी. म्हणजे मद्रासहून निघून मुंबईमार्गे दिल्लीस जाणाऱ्या माणसाने वाटेत कोठे दिव्यावाचून गाडी चालविली, तर त्यासाठी त्याने दोन महिन्यांनी पुन्हा शेकडो मैल प्रवास करू नये. वीस रुपयांच्या दोषासाठी दोनशे रुपयांची पायपीट ही शिक्षेवरची शिक्षा होते, हे तत्त्व त्या कलमाने मानले. १९८८ च्या कायद्यात तेच कलम २०८ क्रमांकाने आले आणि पैसे मनिऑर्डरीने पाठविण्याची सोय झाली. दिल्लीत २०१९ साली वाहतुकीच्या खटल्यांसाठी जे आभासी न्यायालय उघडले त्याची तारीफ नवीन शोध म्हणून झाली. वंशावळ पाहिली तर ते ह्या रजिस्टर पत्राचेच नातवंड आहे.

वेगाच्या कलमात इंग्लंडातली ती जुनी अट आली: एकाच साक्षीदाराच्या मतावर शिक्षा नाही, यंत्राने केलेले मोजमाप हवे. आणि तिच्याच शेजारी आणखी दोन गोष्टी आल्या, ज्यांच्याकडे मोटारीत मागे बसणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. पहिली अशी, की जो आपल्या नोकराला किंवा आपल्या हाताखालच्या माणसाला वेगमर्यादेबाहेर गाडी चालवायला लावतो तोही गुन्हेगार. दुसरी ह्याहून सूक्ष्म. अमुक प्रवास अमुक वेळात झाला पाहिजे असे वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केले किंवा तसा हुकूम दिला, आणि मर्यादा मोडल्यावाचून तो प्रवास तेवढ्या वेळात होणे शक्य नाही असे न्यायालयास वाटले, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा समजावा.

ह्या वाक्याचा अर्थ सावकाश लक्षात घ्यावा. 'साडेदहाला सचिवालयात पोचलेच पाहिजे', 'विमान चुकता कामा नये', 'मंत्रिमहोदयांच्या आधी आपण तेथे हवेत' ही वाक्ये मागच्या आसनावरून किती सहज निघतात! कायद्याच्या दृष्टीने त्यांतले प्रत्येक वाक्य हुकूम आहे, आणि घड्याळाचा काटा व मैलाचा दगड ह्यांचा हिशेब जुळत नसेल तर तो पुरावा आहे. हुकूम सोडणाऱ्याला ह्या कलमाखाली शिक्षा झाल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. शिपाई काच खाली करायला सांगतो ती पुढची. मागची काच वरच राहते.

मालक आणि नोकर ह्यांच्या शिक्षेतही कायद्याने फरक केला होता. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला तेव्हा अतिवेगासाठी चालकाला पहिल्या खेपेस चारशे रुपयांपर्यंत आणि पुढच्या खेपेस हजारापर्यंत दंड होता. त्याला तसे करायला लावणाऱ्या मालकाला तीनशे आणि पाचशे. हुकूम देणाऱ्याचा अपराध हुकूम पाळणाऱ्याहून हलका कसा, हे कोडे आम्हांला उलगडलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दोघांना एका ओळीत बसविले: हलक्या वाहनासाठी हजार ते दोन हजार, चालविणारा असो की चालवायला लावणारा. न्याय झाला असे वाटते न वाटते तोच पुढचे उपकलम येते. दुसऱ्या खेपेस जप्त व्हायचा तो परवाना चालकाचा. मालकाजवळ जप्त करण्यासारखे काही नाही. मागे बसायला परवाना लागत नाही!

दंडाखेरीज जुन्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे परवान्यावरचा शेरा. न्यायालयाने दोषी ठरविले की परवान्याच्या पुस्तिकेत त्याची नोंद होई. गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेऱ्याची धास्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या शेऱ्याची धास्ती समजावून सांगायला नको. नोकरी मागायला आलेल्या चालकाचा परवाना नवा मालक उघडून पाही आणि त्या पानावर त्याची भाकरी ठरे. मात्र शेरा कायमचा नव्हता. १९८८ च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे दुसरा शेरा पडला नाही तर कोरा परवाना मिळण्याचा हक्क चालकाला होता. शेरा केवळ वेगमर्यादेबद्दलचा असेल तर एका वर्षानेच. शिक्षेला स्मरणशक्ती होती आणि त्या स्मरणशक्तीला मुदतही होती. ही रचना आम्हांला सुज्ञपणाची वाटते.

आता पावतीकडे वळू. माणसाला न्यायालयात धाडण्याऐवजी त्याच्याकडून ठरीव रक्कम घेऊन प्रकरण मिटवावे, ही कल्पना इंग्लंडात १९६० साली व्यवहारात आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात वाहतूक-रखवालदार नेमले गेले आणि बेकायदा उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर ते दोन पौंडांचे तिकीट लावून जाऊ लागले. पहिल्याच दिवशीचे पहिले तिकीट एका डॉक्टरच्या गाडीवर लागले, जो हृदयविकाराच्या रोग्याला पाहायला गेला होता. गवगवा झाला, दंड माफ झाला. परंतु ह्या गोष्टीचा मथितार्थ दंड माफ होण्यात नाही. शिपायाच्या जागी न्यायाधीश असता तर त्याने विचारले असते, 'गाडी येथे का उभी केली?' तिकीट हा प्रश्न विचारीत नाही, कारण तिकिटाच्या वेळी गाडीत माणूसच नसतो.

आपल्याकडे हे द्वार १९८८ च्या कायद्याच्या २०० व्या कलमाने मोठे केले. कायद्यात नेमून दिलेल्या गुन्ह्यांबाबत राज्य सरकारने ठरविलेल्या अधिकाऱ्याने ठरविलेली रक्कम घ्यावी आणि पुढची कारवाई थांबावी. ह्याचे कायदेशीर नाव तडजोड. महाराष्ट्रात 'पावती फाडणे' हा वाक्प्रचार रुळला तो ह्याच व्यवहाराला किती चपखल बसतो! पावती म्हणजे पैसे मिळाल्याची नोंद. तीत आरोप नाही, निवाडा नाही. दोषसिद्धी नाही म्हणून शेराही नाही. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो पावत्यांमागून पावत्या घेऊन स्वच्छ परवान्याने हिंडू शकतो. रस्त्यावर अर्धी पावती आणि अर्धी मूठ असा जो एक तिसराच प्रकार चालत आला त्याविषयी वाचकांना आम्ही काही नवीन सांगू शकत नाही.

पावती स्वस्त झाली की लोक तिला भीत नाहीत, म्हणून ती महाग करावी, ह्या विचाराने २०१९ ची दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून दंडाचे आकडे एकदम वाढले. सर्वसाधारण नियमभंगाचा दंड १९३९ साली वीस रुपये होता, १९८८ त शंभर झाला होता, तो पाचशे झाला. परवान्यावाचून गाडी चालविण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर गेला, दारू पिऊन चालविण्याचा दोन हजारांवरून दहा हजारांवर. देशभर ओरड झाली. गुजरातसारख्या राज्याने दहा दिवसांच्या आत आपल्याकडचे तडजोडीचे दर उतरविले. महागाईच्या मानाने पाहिले तर नवा आकडा अवाजवी होता असे आम्हांस वाटत नाही. १९३९ सालचे वीस रुपये म्हणजे गरिबाची काही आठवड्यांची मिळकत होती. तक्रार आकड्याची नाही, आकडा सर्वांना एकच असण्याची आहे. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड माणसाच्या दैनिक उत्पन्नाच्या मानाने मोजतात. २००२ साली तेथील एका मोठ्या उद्योगाच्या संचालकाला अतिवेगाबद्दल एक लाख सोळा हजार युरो दंड झाला आणि जगभर बातमी झाली. पुढे अपिलात तो बराच उतरला, पण तो मुद्दा वेगळा. आपल्याकडे संचालक आणि त्याचा ड्रायव्हर ह्यांना आकडा एकच.

आणि पैशाची शिक्षा समान दिसते तरी परवान्याची शिक्षा दिसायलासुद्धा समान नाही. रस्ता-सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्यायमूर्ती राधाकृष्णन ह्यांच्या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना सांगितले, की अतिवेग, लाल सिग्नल तोडणे, मालवाहू गाडीत जादा भार किंवा माणसे भरणे, दारू पिऊन किंवा मोबाइलवर बोलत गाडी चालविणे ह्यांबद्दल परवाना निदान तीन महिने निलंबित करावा. २०१९ पासून शिरस्त्राणावाचून दुचाकी चालविणाऱ्यालाही हजार रुपये दंडाशिवाय तीन महिने अपात्रता कायद्यातच सांगितली आहे. हे नियम गैर आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. रस्त्यावर मरणाऱ्यांत गरीबच अधिक असतात आणि त्यांचे रक्षण ह्याच नियमांनी व्हायचे. पण तीन महिने परवाना गेला तर अधिकारी कार्यालयाच्या गाडीने जातो, व्यापारी ड्रायव्हर ठेवतो, आणि ड्रायव्हर? त्याला तीन महिने पगार नाही, किंवा नोकरीच नाही. भार जादा भरला तो मालकाने, वेळ कमी दिला तो मालकाने. निलंबित झाला तो परवाना. जुन्या मॅजिस्ट्रेटपुढे त्याला निदान दोन वाक्ये बोलता येत होती, 'हुजूर, शेठने सांगितले म्हणून.' मॅजिस्ट्रेट ऐकेच असे नाही, पण ऐकू शकत होता.

कॅमेरा ऐकू शकत नाही. तो पाहतो, आणि पाहतो तेही माणसाला नव्हे, नंबरपट्टीला. २०१९ च्या दुरुस्तीने कॅमेऱ्याच्या देखरेखीला कायद्याची मान्यता दिली. ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस गेली पाहिजे असे सांगितले. नोटीस जाते गाडीच्या मालकाच्या नावाने. म्हणजे १९३९ सालापासून जो मागे काचेआड बसला होता त्याचे नाव प्रथमच कागदावर आले. आता तरी हिशेब पुरा होईल असे वाटावे. घडते ते निराळे. महिनाअखेर मालक दूरध्वनीवर आलेली चालाने मोजतो आणि ड्रायव्हरच्या पगारातून ती रक्कम वळती करतो. सिग्नल कोणी तोडायला लावला ह्याची चौकशी त्या हिशेबात नसते. अशी वजावट करणारे सुशिक्षित, एरवी सज्जन मालक आम्ही पाहिले आहेत. त्यांना त्यात काही खटकत नाही. खरे तर मालकाने त्या वेळी गाडी कोण चालवीत होता हे सांगावे एवढेच कायदा मागतो. पगारातून शिक्षा वसूल करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

कॅमेऱ्याने चालाने इतकी काढली की ती वसूल करणे कठीण झाले, आणि मग खजिन्याने दुकानदाराची रीत धरली. मार्च २०२२ मध्ये तेलंगणाने थकलेल्या दंडांवर सूट जाहीर केली, दुचाकींना तर चार आण्यांत बारा आणे माफ. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने निम्मी रक्कम सोडली. त्याच वर्षी उत्तर प्रदेशाने २०१७ ते २०२१ ह्या पाच वर्षांतली न्यायालयांत अडकून पडलेली वाहतुकीची चालाने सरसकट रद्द करून टाकली. ज्याने मुकाट्याने वेळेवर पैसे भरले तो ह्यात मूर्ख ठरला. शिक्षेचा सेल लागू शकत नाही, लागू शकतो तो येणे रकमेचा. 'चालान' ह्या शब्दाचा तिसरा अर्थ मागे पडून दुसरा अर्थ सर्वस्वी वर आल्याचा ह्याहून स्पष्ट दाखला आम्हांला सापडलेला नाही.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरांना ह्या नव्या चालानाची एक खास बोच आहे. नोटीस जाते ती नोंदणीतल्या पत्त्यावर. गाडी घेतली पुण्यात, बदली झाली भोपाळला, तेथून गुवाहाटीला. गाडी मालगाडीने बरोबर आली, पत्ता मात्र पुण्यालाच राहिला. त्या घरात भाडेकरू, किंवा वृद्ध आईवडील, ज्यांना पाकीट कसले हे कळत नाही आणि जे ते देवघराच्या कोनाड्यात जपून ठेवतात. दूरध्वनीचा क्रमांकही जुना असला तर मग वर्षे लोटल्यावर, गाडी विकताना, व्याजासारखी साठलेली चालाने एकदम पुढे येतात. पत्ता बदलल्यास तीस दिवसांत कळवावे, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास तेथला नवा क्रमांक घ्यावा, असे १९८८ च्या कायद्याचे म्हणणे. बदलीच्या धांदलीत मुलांचे शाळाप्रवेश, घराची यादी आणि गॅस ह्यांपुढे हे कलम कोणाला आठवते? सप्टेंबर २०२१ पासून सरकारी नोकर, सैनिक आणि चारांहून कमी नाहीत इतक्या राज्यांत कचेऱ्या असणाऱ्या खाजगी संस्थांचे नोकर ह्यांच्यासाठी 'बीएच' ह्या अक्षरांचा सर्व देशाचा क्रमांक निघाला, तेव्हा नव्या क्रमांकाचे झेंगट त्यांच्यापुरते सुटले. पत्ता कळविण्याचे सुटलेले नाही.

जाता जाता २०१९ च्या दुरुस्तीतील २१०-ब ह्या कलमाकडे लक्ष वेधतो. हा कायदा अमलात आणण्याचा ज्याला अधिकार आहे त्याने स्वतः तो मोडला तर त्याला दंड दुप्पट. कलम दोन ओळींचे आहे. वाचकांपैकी जे परिवहन आणि पोलीस खात्यांत आहेत त्यांनी ते आपल्या ड्रायव्हरला एकदा वाचून दाखवावे; पुढच्या वेळी 'साडेदहाला पोचलेच पाहिजे' म्हटल्यावर त्यालाही काही म्हणता येईल.